बापदेवाचा साचा

उमेदवार म्हटले की आता लोकांना म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत हात जोडत फिरणारा गृहस्थ आठवतो. आमच्या वेळी, म्हणजे एकोणिसावे शतक उतरणीला लागले होते तेव्हा, उमेदवार म्हणजे कचेरीत फुकट काम करणारा माणूस. सकाळी पगडी घालून वेळेवर यायचे, दिवसभर सांगतील ते करायचे, संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जायचे. पगार नाही, कारण जागा नाही. जागा कधी होणार हे कोणी सांगायचे नाही आणि आपण विचारायचे नाही. तोवर काम शिकून घ्यायचे, साहेबाच्या नजरेत राहायचे. मामलेदार कचेरीच्या ओट्यावर असे उमेदवार ओळीने बसलेले असत. मी उमेदवारी केली ती ठाण्याच्या संग्रहालयात, आणि त्याच संग्रहालयाचा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क मला आहे असे मी समजतो.

संग्रहालय आम्ही म्हणायचो. लोक त्याला अजबखाना म्हणत. एका जुन्या बंगल्याच्या चार खोल्यांत जिल्ह्यातून जमवलेल्या दगडी मूर्ती, हस्तिदंती काम, भांडी, कापड आणि काही तैलचित्रे मांडली होती. मुरबाडकडचा एक शेतकरी सगळ्या खोल्या फिरून आला आणि मला म्हणाला, दोन तोंडांचे वासरू कुठे ठेवले आहे? तसले काही आमच्याकडे नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग यात अजब काय आहे?" कल्याणचा एक सावकार स्वतःचे चित्र घेऊन आला होता. ते राजेरजवाड्यांच्या चित्रांशेजारी लावावे अशी त्याची इच्छा. एक म्हातारी दर सोमवारी येऊन तोंड फुटलेल्या नंदीवर तांब्याभर पाणी ओतून जायची. तिला अडवायचे नाही आणि ती गेली की फरशी पुसून घ्यायची, हे उमेदवाराचे काम. माझ्या बी.ए.च्या पदवीचा पहिला सरकारी उपयोग तो झाला.

मी खाडीकाठचा, कोपरकडच्या एका आगरी गावातला. आमचे घर मिठागरावर, म्हणजे आमच्या बोलीत आगरावर, राबणारे. आमच्या घराण्यात अक्षर लिहिणारा मी पहिला आणि कॉलेजात गेलेला गावात पहिला. हे मी मान खाली घालून सांगत नाही. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी हात धरला, स्कॉलरशिप मिळाली, आणि मुंबईच्या कॉलेजात मी पोथ्या वाचणाऱ्या घरांतल्या मुलांच्या बरोबरीने बसलो आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पुढे पास झालो. गावाने माझी पालखी काढायचीच बाकी ठेवली होती. पोरगा आता मामलेदार होणार, असे सगळे धरून चालले होते. आणि पोरगा येऊन सांगतो की तो ठाण्याला दगड पुसायला लागला.

वडिलांना आम्ही बा म्हणायचो. बाने विचारले, पगार काय? मी म्हटले, सध्या नाही, जागा झाली की. जागा कशी होते, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी सांगितले, कोणी बदलून गेला किंवा वारला, तर होते.

"म्हंजे कोनाच्या मरनाची वाट बघाची नोकरी," बा म्हणाला, आणि उठून आगरावर गेला.

त्याला मी काय सांगणार? मला त्या दगडांचा नाद लागला होता. कॉलेजात असताना एकदा सहज त्या बंगल्यात शिरलो होतो, आणि तिथे आमचे क्युरेटर दादासाहेब एका मूर्तीचा साचा उतरवत होते. ते पाहिले आणि मामलेदारी डोक्यातून गेली.

दादासाहेब मुंबईच्या चित्रशाळेत शिकलेले, प्रभू घराण्यातले, अंगाने बारीक आणि जिभेने तिखट. आम्ही तिघे उमेदवार त्यांच्या हाताखाली. माझी जात त्यांनी पहिल्या दिवशी विचारली आणि परत काढली नाही. बाकीचे दोघे पाण्याच्या घागरीपाशी मला जरा लांब उभे करत. प्लास्टर कालवायची वेळ आली की मात्र जवळ बोलवत, कारण ती पूड हाताची कातडी खाते. त्यामुळे झाले असे की प्लास्टर सगळ्यांत जास्त माझ्या हाताखालून गेले आणि काम सगळ्यांत आधी मला आले. त्या दोघांचे मी आजही आभार मानतो.

साचा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. प्लास्टर ही भाजलेल्या चिरोडीची, म्हणजे जिप्समच्या दगडाची, पांढरी पूड. पाण्यात कालवली की लापशीसारखी होते आणि बघता बघता दगडासारखी घट्ट बसते. मूर्तीवर आधी साबणाचे पाणी फिरवायचे म्हणजे प्लास्टर दगडाला धरत नाही. मग एकेका भागावर थर द्यायचा. सगळ्या मूर्तीवर एकच थर दिला, तर तो निघणारच नाही. काखेत, हनुवटीखाली, दागिन्यांच्या खाचांत अडकून बसेल. म्हणून साचा तुकड्यातुकड्यांनी करायचा, फणसाच्या गऱ्यांसारखा एकमेकांना चिकटून पण सुटा. मूळ दगड जिथल्या तिथे राहतो. तुकडे घरी आणून जुळवायचे, आत पुन्हा प्लास्टर ओतायचे, की तीच मूर्ती पांढरी होऊन उभी राहते. कोणता तुकडा आधी ओढायचा हे हाताला कळावे लागते. ते पुस्तकात नाही, आणि दादासाहेब सांगायचेही नाहीत. चुकलो की फक्त म्हणायचे, "बी.ए. साहेब, पुन्हा."

इथे एक खंतही सांगून टाकतो. पुढे मी व्यवस्थापक झालो तेव्हा माझ्या हाताखालीही उमेदवारच होते, कारण जागा मंजूर व्हायच्या नाहीत. मी वरती लिहून लिहून थकलो. घरचे खाऊन पिऊन सुखी असलेले तेवढे टिकले. चांगल्या हाताचे, पण ज्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत, असे कितीतरी जण शिकता शिकता निघून गेले. फुकट शिकायला मिळते हे खरे, पण फुकट शिकणेसुद्धा ज्याला परवडते त्यालाच मिळते. मला ते परवडले, कारण बा मिठागरावर राबत होता आणि तोंडाने काहीही बोलला तरी माझे ताट वाढलेले असायचे. पण ते फार काळ चालणार नव्हते. बाचे गुडघे बोलायला लागले होते. आता जागा नाही झाली, तर मला संग्रहालय सोडून मिळेल त्या कचेरीत कारकुनी धरणे भाग होते.

आणि जागा निघाली. एकच.

संग्रहालयाचा कारभार पाहणाऱ्या कमिटीवर जिल्ह्यातला एक गोरा साहेब होता. त्याला शिकारीचा षोक. खाडीकाठच्या खाजणात, भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीत, पाणपक्षी मारायला तो हिंडत असे. असाच एकदा आमच्या गावाच्या बांधावर आला आणि त्याला आमचा बापदेव दिसला.

बापदेव म्हणजे आमच्या गावाचा राखणदार. गावाबाहेर उंबराखाली, छप्पर नाही, भिंत नाही. पुढून पाहिले तर शेंदराचा नुसता गोळा, त्यावर चांदीचे दोन डोळे. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर एकावर एक चढलेला. पण पाठीला कोणी शेंदूर लावत नसे, आणि साहेब पाठीमागून आला. त्याला दिसली कोरलेला केशसंभार, कमरपट्टा, मोत्यांच्या लडी. साहेबाला दगडातले कळत होते. अंबरनाथचे देऊळ ज्या काळातले, त्याच काळातला हा दगड, असे त्याने दादासाहेबांना येऊन सांगितले. आणि तो संग्रहालयात हवा, असेही सांगितले. चौकशीत माझ्या गावाचे नाव निघाले. साहेबाने मला बोलावून घेतले आणि सरळ सांगितले, तुझेच गाव आहे, गावकऱ्यांना समजाव आणि दगड घेऊन ये. आलास तर जागा तुझी.

साहेबाला एक गोष्ट माहीत नव्हती. बापदेवाला रोज पाणी घालणारा आणि सणाला शेंदूर लावणारा माणूस म्हणजे माझाच बा.

दादासाहेबांनी मला व्हरांड्यात गाठले. म्हणाले, "दगड आणू शकशील?" मी नाही म्हटले. "मग साचा आण. पण असा आण की साहेबाला दगडाची आठवण होऊ नये." त्यांनी प्लास्टरची पिंपे मला हवी तेवढी न्यायला दिली आणि कुठे नोंद केली नाही.

खाडीवर मचव्याच्या होडीतून ती पिंपे उतरवली तेव्हा गावाला वाटले, मी विलायती पीठ आणले. रात्रीच्या जेवणाआधी मी बाला सगळे सांगितले. साहेब काय म्हणाला तेही आणि जागेचेही. काही लपवले नाही.

"देव न्याचा म्हनतो?" बा म्हणाला.

"तो म्हणतो. मी नाही म्हणत. मला फक्त त्याचा साचा घेऊ दे."

"त्यानं देवाला काय व्हईल?"

"काही नाही होणार."

"आनी तुला जागा मिलंल?"

"बहुतेक."

मग बाने अटी घातल्या. आंघोळ करून, ओलेत्याने हात लावायचा. चांदीचे डोळे तो स्वतः काढणार. आणि साबण नाही. साबणाची अट खरे तर मीच सुचवली; त्यात चरबी असते हे मला ठाऊक होते आणि देवाच्या अंगाला ते लावणे मलाच पटेना. त्याऐवजी खोबरेल लावू, असे ठरले. शेंदूरही तेलातच बसतो, तेव्हा तेल देवाला नवे नव्हते.

सकाळी सारा गाव उंबराखाली. मी तेल फिरवले, प्लास्टर कालवले, पोटाकडून सुरुवात केली. सगळे नीट चालले होते. संग्रहालयात असतो तसा मी माझ्याच नादात होतो. एवढ्यात आमची थोरली आत्या पुढे आली, तिने पांढऱ्या थरावर भक्तीने हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"देवाला ताप आलाय."

प्लास्टर घट्ट होताना आतून गरम होते. हा त्याचा गुणच आहे. मला ते इतके रोजचे झाले होते की आधी सांगायचे सुचलेच नाही. आता एकेक जण पुढे येऊन हात लावू लागला आणि जो तो मान हलवू लागला. बायकांनी लुगड्याचे पदर भिजवून घड्या आणल्या. एक जण म्हणाला, भट बोलवा. दुसरा म्हणाला, भट कशाला, हा इथे बी.ए. उभा आहे, त्यानेच आणला ताप. मी चिरोडी, पाणी आणि उष्णता यांचे शास्त्र सांगायला लागलो. कोणी ऐकेना.

शेवटी बाने सगळ्यांना मागे सारले आणि आपला पंजा त्या थरावर ठेवला, तो काढला नाही.

"तुला म्हाईत व्हतं?" त्याने मला विचारले.

"हो. उतरेल थोड्या वेळात."

"मंग बसा समदी. उतरंल म्हनतो ना."

तो हात ठेवूनच उभा राहिला. थर हळूहळू निवला. बाने हात काढला आणि मला मानेने खूण केली. मी पहिला तुकडा ओढला.

आणि तुकड्याबरोबर शेंदूर आला. चार बोटे जाड कवच, पोटापासून छातीपर्यंतचे, एकसंध सुटून साच्याला चिकटून माझ्या हातात. आत काळा, गुळगुळीत, ओला दगड. संग्रहालयात आम्ही नेहमी उघड्या दगडावर काम केलेले. त्या उष्णतेने तेलातला शेंदूर मऊ पडून सुटेल, हे शिकवणाऱ्यालाही सुचले नव्हते आणि शिकणाऱ्यालाही नाही. मी तो तुकडा हातात धरून नुसता उभा. माझी जागा, माझी पदवी, माझे गावात तोंड दाखवणे, सगळे त्या शेंदराबरोबर सुटून आल्यासारखे वाटले.

मग बा पुढे झाला. त्याने वरच्या आणि खालच्या उरलेल्या कवचाला बोट लावले. मधला आधार गेल्याने तेही सुटले होते. त्याने दोन्ही हातांनी ते हलकेच काढून घेतले आणि गावाकडे वळून म्हणाला, "देवानं कवच सोडलं."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेंदराचा देव फार वर्षांनी कधीतरी आपले कवच टाकतो. तो कोणाचा अपराध नसतो, ती देवाची मर्जी असते. ते कवच वाजत गाजत पाण्यात सोडायचे आणि दिवेलागणीच्या आत नवा शेंदूर चढवायचा, अशी चाल आहे. आत्यानेही आठवून सांगितले की तिच्या आजाने असे एकदा पाहिले होते. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. ढोल आणायला माणूस पळाला. मला कोणी दोष दिला नाही, आणि खरे सांगायचे तर श्रेयही दिले नाही.

मग सगळ्यांचे लक्ष दगडाकडे गेले. तिथे एक बाई उभी होती. एका पायावर भार देऊन, एका हातात आरसा, दुसऱ्या हाताचे बोट कपाळावर टिळा लावताना थांबलेले. ओठांवर हसू आहे की नाही, ते सांगता येऊ नये असे. कोण्या जुन्या देवळाच्या खांबाच्या माथ्यावरची, चहूबाजूंनी कोरलेली ती सुंदरी. देऊळ पडले असेल आणि ती वाहत वाहत आमच्या बांधाला लागली असेल. अंगावर दागिन्यांखेरीज फारसे काही नाही, तेव्हा पुरुषमंडळी इकडेतिकडे बघू लागली.

"बाई हाय ही," आत्या म्हणाली. "आता हिला काय म्हनाचं?"

"काय म्हनाचं म्हंजे?" बा म्हणाला. "बापदेव. आजवर हाक मारली तवा ओ दिलीच ना?"

वाद तिथे मिटला. माझे मात्र भानच हरपले होते. ती नखे, ती कानातली कर्णफुले, सारे कवचाखाली इतकी वर्षे झाकून जसेच्या तसे राहिलेले. असा साचा साऱ्या मुंबई इलाख्यात कोणाकडे नसता. आणि दिवेलागणीला तिच्यावर पुन्हा शेंदूर चढणार होता.

मी बाला बाजूला घेऊन म्हटले, मला वेळ हवा. उघड्या दगडाचा साचा घेऊ दे, मग लाव शेंदूर. तो म्हणाला, पुन्हा ताप येईल. मी म्हटले, येईल. त्याने त्या मूर्तीकडे पाहिले.

"येऊ दे. उघरी उभी हाय, ऊब लागंल." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, कवच ओहोटीला सोडायचे, भरतीला सोडले तर परत काठाला येईल. ओहोटी लागेपर्यंत गावाने खाडीवर थांबावे. "देवापाशी कोन तरी पायजे. ह्यो थांबंल."

ढोल खाडीकडे गेले. ओहोटीला बराच अवकाश होता, हे मिठागरावर जन्म काढलेल्या त्या माणसाला ठाऊक असणारच. उंबराखाली मी आणि ती. मी आयुष्यात पुढे पुष्कळ साचे घेतले, मोठमोठ्या देवळांतले घेतले, पण त्या दिवसासारखा हात माझा पुन्हा चालला नाही. गाव परत आला तेव्हा शेवटचा तुकडा निवत होता. बाने शेंदूर कालवायला घेतला.

ठाण्याला तुकडे जुळवून मूर्ती ओतली. दादासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते "पुन्हा" म्हणाले नाहीत, हीच माझी पदवी. साहेब आला, तिच्याभोवती फिरला, खूश झाला; आणि खूश झाला म्हणूनच रागावला. नक्कल अशी असेल तर अस्सल कशी असेल, आणि ती गावात का ठेवून आलास? मी म्हटले, ती गावाची आहे, आणि तिच्यावर शेंदूर चढला आहे. साहेब म्हणाला, जागा दगडाला कबूल केली होती, प्लास्टरला नाही. तो स्वतः येऊन गावाशी बोलणार होता. मी दुभाषा म्हणून बरोबर.

साहेब मराठीची परीक्षा पास झालेला, पण ती पुस्तकातली मराठी. आमच्या आगरातली बोली त्याला कळेना. तेव्हा उंबराखाली एका बाजूला साहेब, एका बाजूला बा, आणि मध्ये मी. साहेबाने दगड मागितला. बाने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "न्या."

पण बाचे बोलणे संपले नव्हते. देव न्यायचा तर देवाचे सगळे न्यावे लागेल, असे त्याने सांगितले. रोज आंघोळ. सणाला शेंदूर. जत्रेला कोंबडा, तो तिथेच कापायचा. गावातल्या प्रत्येक लग्नाचा पहिला नारळ त्याच्यापुढे फुटतो, तेव्हा वरात ठाण्याला येईल, वाजंत्रीसकट. आजारी माणूस आणून त्याच्यापुढे निजवतात, तोही येईल. एवढे संग्रहालयाच्या बंगल्यात चालणार असेल तर न्यावा, गावाची ना नाही. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेलो. कोंबड्यापाशी साहेबाच्या मिशा हलल्या. वरातीपाशी तो उंबराकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, दगड इथेच बरा आहे.

मला वाटले, संपले. देव वाचला आणि जागा गेली. पण बा म्हणाला, "आता त्याला माजं एक सांग. आमच्या आगरावर उमेदवार नसतो. जो उन्हात राबला त्याला मीठ मिलतं. तुमच्याकरं कसं हाय, इचार."

मी ते भाषांतर केले. एक शब्द मऊ केला नाही. साहेबाने माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, हे तुझे वडील बोलतात की तू? मी म्हटले, शब्द त्यांचे आहेत; मत माझेही तेच आहे, आणि तुमच्या संग्रहालयात उभी असलेली मूर्ती ज्यांनी पाहिली, त्या सगळ्यांचे तेच असेल.

साहेबाने टोपी काढून कपाळ पुसले. मग म्हणाला की येत्या पहिल्या तारखेपासून नेमणूक धर, हुकूम दादासाहेबांकडे पाठवतो.

"काय बोलला?" बाने विचारले.

"घेतलं म्हणतो."

"आनी देव?"

"देव राहिला."

बाने मान हलवली. मग त्याने साहेबाच्या लालबुंद झालेल्या तोंडाकडे पाहिले, कोयता उचलला आणि माडाकडे वळला. "उन्हाचा आलाय बिचारा. शहालं फोरतो, घेल काय, इचार."

एवढे मात्र मला इंग्रजीत सांगावे लागले नाही. कोयता आणि माड बघून साहेब समजला होता आणि उंबराच्या मुळावर बसून बूट काढत होता.